व्हाळापलीकडचं जोतं

शिमग्याच्या आठवड्यात आमचं होमस्टे बंद असतं. हे मी फोनवर इतक्या जणांना सांगितलंय की आता झोपेतसुद्धा सांगेन. समोरचा म्हणतो, मॅडम, लाँग वीकेंड आहे, दुप्पट देतो. मी म्हणते, तिप्पट द्या, तरी नाही. एकाने तर धंदा कसा करावा यावर मला लेक्चर दिलं. अरे, मी वेसाव्याची कोळीण. आमच्या घरातल्या बाया आजीच्या आजीपासून बाजारात पाटी घेऊन बसतायत, आणि हा मला धंदा शिकवतो. मी त्याला सरळ सांगितलं, जुहूला जा, पावभाजी खा, समुद्र बघ, आमच्याकडे या आठवड्यात जमणार नाही.

का जमणार नाही हे सांगायचं तर आमच्या सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागते. त्यांचं नाव धाकू शिवगण. गाव रत्नागिरीकडचं, वेळसरे. त्यांचे वडील गिरणीत होते. हेसुद्धा वडिलांच्या मागोमाग बदली कामगार म्हणून लागले, आणि नीट पर्मनंट व्हायच्या आतच संप आला. मग गाववाल्या कुणीतरी अंधेरीच्या एका स्टुडिओत चिकटवलं. तिथे बाबा सेटचे सुतार झाले. पिक्चरमधले बंगले, सिरियलमधल्या सासवांचे दिवाणखाने, खेड्यातली घरं, सगळं बाबांनी उभं केलं आणि बाबांनीच मोडलं. प्लायवूडचं घर, मागे बांबूचे टेकू. शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी हातोडा.

पण त्यांची एक खोड होती. सेट पुरा झाला की ते खिशातून कागदाची पुडी काढायचे आणि उंबऱ्याला हळद-कुंकू लावायचे. पोरं चिडवायची, धाकूशेठ, या घरात राहणार कोण, भुतं? बाबा म्हणायचे, राहणारं कुणी नसलं तरी उंबरा हाय ना. मला हे सुयोगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लग्नाआधी सांगितलं होतं. तेव्हाच मी ठरवलं की पोराचं जाऊ दे, सासरा चांगला आहे.

आता उंबऱ्याचं त्यांना एवढं का, ते ऐका. गावात बाबांना घर नव्हतं. त्यांच्या वडिलांनी बहिणीच्या लग्नाच्या खर्चापायी घरातला आपला हिस्सा थोरल्या भावाला देऊन टाकला होता. पुढे त्या घरात चुलतभाऊ, भिकाजीकाका, राहू लागले. माणूस वाईट नाही हो. बाबा गेले की पाटावर बसवून जेवू घालतात. पण घर त्यांचं.

आणि कोकणातल्या माणसाला हे बाकी कधी नाही, पण शिमग्यात टोचतं. होळी झाली की ग्रामदेवीची पालखी गावात निघते आणि घरोघरी जाते. एकेका अंगणात बसते. घरची बाई देवीची ओटी भरते. मग गुरव नाहीतर मानकरी त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीला सांगतो की हा अमक्याचा मुलगा तमका, याला सांभाळ. प्रत्येक वाक्यावर जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुंबईहून माणसं रजा टाकून, भांडून, खोटं सर्टिफिकेट लावून त्यासाठी जातात. बाबाही दर वर्षी जायचे. पालखीला खांदा द्यायचे, गावभर नाचवायचे. पण पालखी बसायची भिकाजीकाकांच्या अंगणात. गाऱ्हाणं भिकाजीकाकांच्या नावाचं. शेवटी गुरव म्हणायचा, 'आनि ह्यो मुंबयकर.' एवढंच. आयुष्य गेलं माणसाचं, पण देवीला त्याचं नाव कुणी सांगितलं नाही.

मी लग्नानंतर पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. आमच्या कोळीवाड्यात घर काडेपेटीएवढं असेल, पण दार आपलं असतं. हळदीच्या दिवशी देव आपल्या दारात येतो. बाबांकडे बघितलं तर ते हात जोडून उभे, चेहऱ्यावर काही नाही. सासूबाई, त्यांचं नाव रत्नप्रभा, त्या मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

आम्ही राहतो अंधेरी पूर्वेला. खोलीच्या जागी बिल्डिंग झाली आणि सातव्या मजल्यावर घर मिळालं. सुयोग ऑफिसात, मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर. सुयोगच्या डोक्यात गावाकडे जागा घेऊन होमस्टे काढायचं खूळ शिरलं ते त्याच्या ऑफिसातल्या लोकांमुळे. सगळे शनिवार-रविवार कोकणात पळतात आणि कुणाच्या तरी दोन खोल्यांना हॉटेलचे पैसे देऊन येतात. हा म्हणाला, आपण कोकणातले, आणि पैसे दुसऱ्यांनी कमवायचे? मला पटलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, घर बांधायचं म्हणजे खरंखुरं? विटामातीचं? सुयोग म्हणाला, जांभ्या चिऱ्याचं. त्या रात्री त्यांनी जेवताना दोनदा भात घेतला.

मग सुरू झाली जमिनीची शोधाशोध. ती गोष्ट मी पुरी सांगत नाही, माझं बीपी वाढतं. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नशीब की एका भातखाचरावर बाकी भाऊबंदांच्या गर्दीत बाबांचंही नाव होतं, त्यामुळे व्यवहार त्यांच्या नावाने होऊ शकत होता. पण वेळसऱ्यात जमीन मिळेना. जी दाखवायचे तिच्यावर अर्ध्या वाडीची नावं. एक मालक सुरतला, एक आफ्रिकेत, एक वारला पण त्याच्या तीन मुली कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. जिथे सगळं साफ, तिथे रस्ता नाही. सुयोग दर महिन्याला तोंड पाडून परत यायचा.

शेवटी परेश नावाच्या एजंटने फोन केला. म्हणाला, वेळसऱ्याला लागूनच आहे, डांबरी रस्त्यावर, एक मालक, वरून समुद्र दिसतो. आम्ही चौघं गेलो. झकास जागा होती, खोटं कशाला बोलू. नुसता उघडा कातळ, वाळलेलं गवत, कडेला काजूची चार झाडं, आणि खाली निळंशार पाणी. भिकाजीकाकांच्या वाडीतलं शेवटचं घर तिथून दिसत होतं. मध्ये फक्त एक व्हाळ, म्हणजे पावसाळी ओढा, तेव्हा कोरडा पडलेला. पोरगंसुद्धा उडी मारून जाईल एवढा.

सुयोग तर येडाच झाला. इथे दोन खोल्या, इथे व्हरांडा, इथे झोपाळा. बाबा चालत त्या व्हाळापर्यंत गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं लघवीला गेलेत, म्हणून मी तोंड फिरवलं. परत आले तेव्हा सुयोगने विचारलं, बाबा, कशी आहे? बाबांनी आधी पोराकडे बघितलं, मग म्हणाले, "झकास हाय. घेऊन टाक."

घेऊन टाकली. सोनं गेलं, सुयोगची एफडी गेली, बाबांचा फंडसुद्धा गेला. दिवाळीनंतर कामाला सुरुवात झाली, आणि जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी मी आणि सासूबाई बांगडे साफ करत बसलो होतो तेव्हा मी म्हटलं, यंदा शिमग्याला घर नाही झालं तरी पुढच्या वर्षी पालखी आपल्या दारात, काय आई? सासूबाईंचा हात थांबला. मग त्या हळूच म्हणाल्या की पालखी तिथे येणार नाही. ती जागा व्हाळाच्या पलीकडे आहे. व्हाळ म्हणजे गावाची शीव, म्हणजे हद्द. पलीकडे मुंढरे गाव लागतं. वेळसऱ्याची देवी शीव ओलांडत नाही.

मी विचारलं, बाबांना माहीत होतं? त्या म्हणाल्या, त्या वाडीत जन्मलेल्या माणसाला माहीत नसेल का?

अशी वाट लागली माझ्या डोक्याची. हात तसेच माशाचे, मी बाहेर जाऊन सुयोगला धरला. म्हटलं, तू त्या गावचा ना रे? तुला शीव माहीत नाही? त्याला खरंच माहीत नव्हती. तो मे महिन्यात आंबे खायला जाणारा मुंबईचा पोरगा; त्याला वाटलं, एक रस्ता, एक बसस्टॉप, म्हणजे एकच गाव. तो रडवेला झाला. बाबांसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, काम थांबवतो, जागा विकून टाकतो, वेळसऱ्यातच बघू, कितीही वर्षं लागू देत. बाबा टीव्ही बघत होते. त्यांनीच उभारलेला कुठलातरी दिवाणखाना लागला होता. त्यांनी आवाज बारीक केला.

"तुजं घर होतंय ना?" ते म्हणाले. "मग झालं तर. देवी काय पळून चाललीय?"

सुयोग उठून गॅलरीत गेला. मी आत येऊन बांगड्यांवर राग काढला.

शिमग्याला आम्ही चौघं गेलो. निघायच्या आधी वेसाव्याहून माझी आय, अंजनाबाई, ओटीचं सामान घेऊन आली. सोललेला नारळ, खण, तांदूळ, हळद-कुंकू, पानविडा, सगळं एका पिशवीत. म्हणाली, देवीकडे रिकाम्या हाताने गेलेली मला चालणार नाही. मी पिशवी डिकीत टाकली.

भिकाजीकाकांकडे पालखी आली, बसली, गाऱ्हाणं झालं. आनि ह्यो मुंबयकर. बाबांनी हात जोडले. मग पालखी पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी, आणि शेवटी व्हाळाकाठच्या त्या शेवटच्या घरापाशी. ढोल घुमत होते, पालखी खांद्यावर नाचत होती, आणि पुढच्या दांड्याला बाबा होते. त्या वयातही. पालखी व्हाळापर्यंत आली. पलीकडे आमची जागा दिसत होती. नव्या चिऱ्यांचं जोतं, म्हणजे दोन खोल्यांचा नुसता पाया, उन्हात लालबुंद. पालखी तिथे एकदा झुलली आणि वळली. खांद्याला दांडा असल्यामुळे बाबांनाही वळावं लागलं.

मला राहवलं नाही. मी सरळ मानकऱ्यांपुढे गेले आणि म्हटलं, काका, या माणसाने जन्मभर तुमची पालखी वाहिली, दोन पावलं त्याच्यासाठी पलीकडे टाका, आकाश कोसळणार नाही. मानकरी चिडला नाही. म्हणाला, बाय, शीव ती शीव. आज तुजं ऐकलं तर उद्या मुंढरेकरांना तोंड काय दाखवू? मी अजून बोलणार होते, पण बाबा मागे वळून म्हणाले, नेत्रा, गप. लग्नापासून त्यांनी मला कधी गप म्हटलं नव्हतं. मी तरातरा गाडीत जाऊन बसले. ओटी डिकीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं, पण जोत्यावर पाणी मारायला कुणी नव्हतं. गवंडी शिमग्याच्या सुट्टीवर, आणि नवं बांधकाम उन्हात कोरडं पडलं तर तडे जातात. म्हणून आम्ही सकाळीच जागेवर गेलो. बाबा आणि सुयोग बादल्यांनी पाणी मारत होते. मी गाल फुगवून काजूखाली. सासूबाईंना चहाची तलफ आली, म्हणून त्यांनी जोत्याच्या मागे तीन चिऱ्यांचे तुकडे मांडले, गवत-काटक्या पेटवल्या आणि टोप चढवला. धूर सगळा माझ्या डोळ्यात.

तेवढ्यात ढोल ऐकू आला. मला वाटलं वेळसऱ्याचा. पण आवाज दुसऱ्या बाजूने, वरच्या रस्त्याने येत होता. मुंढऱ्याची पालखी. त्यांच्या देवीचीही घरोघरची फेरी चालू होती, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांच्यासुद्धा नाही. देवी म्हणजे वेळसऱ्याची, एवढंच त्यांच्या मनात.

पालखी रस्त्यावर आमच्या समोर येऊन थांबली. पुढे एक म्हातारा गुरव होता, खंडू नावाचा. त्याने विचारलं, हे कुणाचं? बाबा बादली खाली ठेवून पुढे झाले, हात ओले, लेंगा गुडघ्यापर्यंत वर. म्हणाले, आमचं, पण घर नाय अजून, नुसतं जोतं हाय, तुमी पुढं जावा. गुरवाने मान उंचावून मागचा धूर बघितला.

"चूल पेटलीय ना?" तो म्हणाला. "मग घर हाय."

आणि त्याने हात केला. पालखीवाले वळले आणि आमच्या कातळावर आले. आले म्हणजे आलेच. जोत्यावर, बाबांनी नुकतंच पाणी मारलेल्या ओल्या चिऱ्यांवर, पालखी बसली. सासूबाई पदर सावरत धावत आल्या आणि मध्येच थबकल्या. म्हणाल्या, ओटीला काय घालू? माझ्याकडे तर काहीच नाय. अख्ख्या जमिनीवर चहाची पावडर आणि साखर सोडून काही नव्हतं.

मग मला आठवलं. डिकीकडे मी अशी पळाले की एक चप्पल कातळावरच राहिली. आयने बांधून दिलेली पिशवी तशीच होती, गाठसुद्धा सुटली नव्हती. सासूबाईंनी ओटी भरली. घाईत अर्धे तांदूळ जोत्यावर सांडले. आमच्या आयला दारात कुठली देवी येणार हे माहीत नव्हतं, पण रिकाम्या हाताने जाऊ नको म्हणाली होती. मला तिची तिथल्या तिथे आठवण आली आणि माझे डोळे भरले. धुराने नव्हे.

वेळसऱ्याची आणि मुंढऱ्याची देवी या सख्ख्या बहिणी, असं तिथे मानतात. शिमग्याच्या शेवटी दोघींच्या पालख्या याच शिवेवर भेटतात. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, माय मरो पण मावशी उरो म्हणतात ना, ती ही बघ मावशी. नंतर म्हणे त्यांना भीती वाटली, की आपल्या देवीला मरो म्हटलं, आणि त्यांनी घरी येऊन नाक घासलं.

गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. बाबांना म्हणाला, नाव सांग. बाबांनी हात जोडलेले, मान खाली. ते म्हणाले, मुंबयकर.

गुरव म्हणाला, "मुंबय नाय इचारली. नाव सांग तुजं."

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. सुयोगने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग बाबा, लहान मुलगा शाळेत सांगतो तसं, वडिलांच्या नावासकट म्हणाले, "धाकू रामा शिवगण."

गुरवाने डोळे मिटले आणि आवाज चढवला. आई माउली, ह्यो धाकू रामा शिवगण, ह्याची कारभारीण, ह्याचा ल्योक, ह्याची सून, तुज्या शिवेत नवी चूल मांडून ऱ्हायली हायत. ह्यांचं जोतं हाय, त्याचं घर कर. ह्यांच्या दारात येनाऱ्या-जानाऱ्या पाव्हन्याला सुखरूप ठेव. धाकूला तुजा म्हन.

मुंढरेकर सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी म्हटलं, सुयोगने म्हटलं, सासूबाईंनी रडत म्हटलं. शिवेपलीकडे शेवटच्या घराच्या अंगणात भिकाजीकाका आणि त्यांची माणसं बाहेर येऊन उभी होती. त्यांनीही तिकडून म्हटलं, ते ऐकू आलं. गप्प होते ते एकटे बाबा. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाला मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणत आलेला माणूस, आज नाव त्याचं होतं तर तोंड उघडून नुसता उभा. मी त्यांना कोपराने ढोसलं. म्हटलं, बाबा, म्हणा ना, तुमचंच आहे. तेव्हा कुठे ते बोलले, आणि इतक्या बारीक आवाजात की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नसेल.

घर त्याच वर्षी झालं. दोन खोल्या, व्हरांडा, झोपाळा, सगळं सुयोगच्या मनासारखं. माणसं येतात, समुद्र बघतात, बाबांशी गप्पा मारतात. उंबरा बाबांनी स्वतः फणसाच्या लाकडाचा बसवला. आलेल्या माणसाला ते एकच सांगतात की उंबऱ्यावर उभं राहू नका. शिमग्याच्या आठवड्यात मात्र आम्ही कुणाला घेत नाही. बाबा तेव्हा आधी वेळसऱ्याच्या पालखीला खांदा देतात, व्हाळापर्यंत नेतात, तिथून वळतात, दुसऱ्याच्या खांद्यावर दांडा देतात, आणि धापा टाकत, व्हाळ ओलांडून, घरी येऊन दारात उभे राहतात. मावशी यायची असते.